पोथी घेण्याआधी एवढं वाचा

बहुतेक गिऱ्हाईक दुकानात शिरतानाच नाव सांगतं: "गुरुचरित्र द्या." नाव एक असलं तरी पोथ्या एकसारख्या नसतात. म्हणून आम्ही उलट विचारतो, घरी वाचणार की मंडळात? आणि वाचणार कोण? राग मानू नका.

गुरुचरित्राचंच बघा. कुठल्या प्रतीत ५२ अध्याय, कुठल्या प्रतीत ५३. सप्ताहाची वाटणीही वेगळी. एका पोथीत पहिल्या दिवशी नऊ अध्याय सांगितलेले, दुसरीत सात. एका दत्तजयंतीला आम्हीच एका महिला मंडळाला दोन आवृत्त्यांच्या प्रती मिसळून दिल्या. पहिल्याच संध्याकाळी निम्म्या बायका पुढे, निम्म्या मागे! तेव्हापासून मंडळासाठी एकाच आवृत्तीच्या प्रती मोजून बाजूला काढतो. आठवडाभर आधी सांगा म्हणजे झालं.

ज्ञानेश्वरी १२९० सालची, ओव्या नऊ हजारांच्या वर. नुसती मूळ प्रत नेली तर पहिल्या अध्यायातच गाडी अडते. सार्थ घ्या, ओवीखाली अर्थ असलेली. पारायण करायचं नसेल तर पहिल्यापासूनच वाचा असंही नाही. आम्ही बारावा अध्याय सुचवतो. मूळ गीतेत तो २० श्लोकांचा, आणि विषय भक्तीचा. अठराव्याच्या ओव्याच अठराशेच्या पुढे आहेत, तिथे सावकाश जा.

"पोथी नको, समजेल असं काहीतरी द्या" म्हणणाऱ्यांना विनोबांची 'गीता प्रवचने'. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात ते बोलले आणि साने गुरुजींनी उतरवून घेतलं. समोर बसून कुणी सांगावं तशी भाषा आहे. कॉलेजातल्या मुलांना आम्ही हेच आधी देतो.

सोलापूरचं ग्रामदैवत सिद्धरामेश्वर. त्यांच्या गड्ड्याच्या यात्रेला आलेले पाहुणे त्यांचं काही मागतात. त्यांची वचनं बाराव्या शतकातली, कन्नड. मराठी अनुवाद घ्याच. पण घरात कन्नड बोलणारी आजी असेल तर मूळही न्या आणि तिच्याकडून वाचून घ्या. सोलापुरात अशा आज्या घरोघरी आहेत.

'वाचताच लग्न जमेल' छापाच्या पातळ पुस्तिका काउंटरवर दिसतील. लोक मागतात म्हणून ठेवतो, आपणहून कुणाच्या हातात देत नाही.

आता प्रत पारखायची कशी, ते. पुस्तक मधोमध उघडून पाटावर ठेवा. आपोआप मिटलं तर बांधणी नुसती चिकटवलेली आहे. रोजच्या वाचनात पानं सुटतील. शिवलेली पन्नासेक रुपये महाग पडली तरी परवडते. अक्षर आई-आजोबांनाच दाखवा, तुमच्या डोळ्यांनी ठरवू नका. मोठ्या टायपाची प्रत जड असते, मांडीवर धरवत नाही, तेव्हा लाकडी स्टँडही बघून ठेवा. निरांजन पोथीच्या उजवीकडे जरा लांबच असू द्या. दुरुस्तीला येणाऱ्या दहातल्या सहा पोथ्यांवर तेलाचाच डाग असतो, आणि तो निघत नाही.

घरी गेल्यावर पानांचे आकडे एकदा चाळा. कधी एखादा फर्मा, म्हणजे एकत्र छापून दुमडलेल्या पानांचा गठ्ठा, दोनदा लागतो, कधी गळतो. तसं निघालं तर हळदीकुंकू वाहण्याआधी घेऊन या, लगेच बदलून देऊ. पूजेत बसलेली पोथी मात्र परत घ्यायला आमचाही हात धजत नाही.