एम १९११ पिस्तूल : टॅक्टिकल आवृत्त्या

अमेरिकन शस्त्ररचनाकार जॉन मोझेस ब्राउनिंग (१८५५–१९२६) यांनी आखलेल्या आणि २९ मार्च १९११ रोजी अमेरिकी सैन्याने स्वीकारलेल्या ०.४५ इंची स्वयंभारित पिस्तुलाची, पोलिसांची विशेष पथके व कमांडो दले यांच्या गरजेनुसार सुधारलेली रूपे. सैन्यात हे पिस्तूल १९८५ पर्यंत प्रमाण शस्त्र होते. त्यानंतर बेरेटा एम ९ ने त्याची जागा घेतली. टॅक्टिकल आवृत्त्यांत मूळ यंत्रणा जवळपास जशीच्या तशी राहते. बदलतात ते हाताशी, डोळ्याशी आणि सुरक्षेशी संबंधित भाग.

बार उडाल्यावर नळी आणि स्लाइड (नळीवरचा सरकता भाग) एकमेकींत अडकलेल्या अवस्थेत थोडे अंतर मागे सरकतात. मग नळीखालचा दुवा नळीचे मागचे टोक खाली ओढतो, नळीच्या पाठीवरचे कंगोरे स्लाइडच्या खाचांतून सुटतात आणि स्लाइड एकटी मागे जाऊन पुंगळी बाहेर फेकते. चाप खिळीभोवती न फिरता सरळ मागे सरकतो. त्यामुळे त्याची ओढ हलकी व एकसारखी राखता येते, आणि शंभर वर्षांनंतरही या रचनेला मागणी राहण्याचे मुख्य कारण हेच आहे.

टॅक्टिकल रूपाचा उगम नेमका कोठे झाला, याविषयी मतभेद आहेत. काही लेखक तो सैन्याच्या लक्ष्यवेध संघांसाठी पिस्तुले जुळवणाऱ्या कारागिरांकडे नेतात. इतर अभ्यासक दक्षिण कॅलिफोर्नियात १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून नेमबाजी-प्रशिक्षक जेफ कूपर यांच्या पुढाकाराने भरलेल्या लढाऊ नेमबाजीच्या स्पर्धांना श्रेय देतात. घट्ट बसवलेली नळी आणि बुशिंग (नळीचे तोंड स्लाइडमध्ये धरणारे कडे) पहिल्या परंपरेतून आली, हे मान्य करण्याजोगे आहे. परंतु मोठी अंगठा-सेफ्टी (अंगठ्याने चालवायची सुरक्षा-कळ), दोन्ही हातांनी चालणारी सेफ्टी आणि ठळक माशी ही वैशिष्ट्ये दुसऱ्या परंपरेत रुजलेली दिसतात, म्हणून तेच मत अधिक ग्राह्य वाटते. दुहेरी सेफ्टीचे श्रेय सामान्यतः आर्मंड स्वेन्सन या कारागिराला दिले जाते. सरकारी दले या वाटेवर नंतर आली. अमेरिकी मरीन कोअरच्या क्वांटिको येथील शस्त्रशाळेने १९८० च्या दशकाच्या मध्यापासून जुन्या फ्रेमवर (मूठ व चाप असलेल्या खालच्या सांगाड्यावर) विशेष मोहिमांच्या मरीन तुकड्यांसाठी एमईयू (एसओसी) पिस्तुले बांधली. एफबीआयने १९९८ मध्ये स्प्रिंगफील्ड आर्मरीचे ‘प्रोफेशनल’ मॉडेल निवडले. त्याच कंपनीचे टीआरपी हे त्याचे नागरी भावंड. मरीन कोअरसाठी कॉल्ट कंपनीच्या एम ४५ए१ चा करार २०१२ चा.

मुठीची सेफ्टी : मुठीच्या मागचा हा तुकडा तळहाताने दाबल्याशिवाय बार उडत नाही. मूळ पिस्तुलात हाताची पकड वर गेली की घोड्याचे टोक अंगठा व तर्जनी यांमधील कातडीला चावते. १९२४ ते १९२६ च्या दरम्यान झालेल्या ए१ सुधारणेत सेफ्टीची जीभ लांबवली आणि घोड्याचे टोक आखूड केले. आजची रुंद, वर वळलेली ‘बीव्हरटेल’ सेफ्टी हे त्याचेच पुढचे पाऊल आहे. ती बसवताना बहुधा फ्रेमच्या मागच्या कानांना पाव इंच त्रिज्येची गोलाई द्यावी लागते. उंच पकडीत तळहाताचा खळगा सेफ्टीवरून उचलला जातो आणि चाप दाबूनही बार उडत नाही. म्हणून तिच्या खालच्या टोकाला उंचवटा ठेवतात.

फायरिंग पिनची सुरक्षा : या पिस्तुलाविषयी सर्वांत जास्त लिहिले गेलेला आणि आजही न मिटलेला विषय हाच. मूळ पिन (घोड्याचा आघात काडतुसापर्यंत नेणारी सुई) तिच्या बोगद्यापेक्षा आखूड असते. घोडा खाली टेकलेला असताना तिचे टोक काडतुसाच्या प्रायमरला (दारू पेटवणाऱ्या टोपीला) लागत नाही. घोड्याच्या आघाताने मिळालेल्या वेगावरच ती पुढे जाते. परंतु पिस्तूल नळीच्या तोंडावर उंचावरून पडले, तर जडत्वानेच पिन स्प्रिंगला न जुमानता पुढे जाऊ शकते. यावर तीन उपाय प्रचलित आहेत. पहिला स्वार्ट्झ या रचनाकाराचा. १९३० च्या दशकाच्या अखेरीस कॉल्टच्या काही पिस्तुलांत तो दिसतो. त्यात मुठीची सेफ्टी दाबली की पिनचा अडसर उचलला जातो. महायुद्धानंतर मागे पडलेला हा उपाय किंबर या कंपनीने २००१ च्या सुमारास पुन्हा आणला. कॅलिफोर्नियात त्याच वर्षी लागू झालेली पिस्तुले पाडून पाहण्याची सक्तीची चाचणी हे त्याचे कारण असावे. दुसरा उपाय कॉल्टच्या १९८३ च्या ‘सिरीज ८०’ चा : चापाची हालचाल फ्रेममधील दोन तरफांवाटे अडसर उचलते. तिसऱ्या उपायात अडसरच नाही. पोलादाच्या निम्म्याहून थोड्या अधिक घनतेची टायटॅनियमची पिन आणि कडक स्प्रिंग वापरतात.

दोष तिन्हींत संभवतात. स्वार्ट्झ रचनेत स्लाइड फ्रेमवर चढवताना मुठीची सेफ्टी दाबलेली राहिली, तर वर आलेली खिळी स्लाइडला आपटून मोडते. सिरीज ८० मध्ये चापाच्या थांब्याचा स्क्रू जास्त आत फिरवला किंवा तरफा झिजल्या, तर अडसर पुरता उचलला जात नाही आणि पिन त्यावर अडते. प्रायमरवर उथळ खूण दिसणे हे त्याचे लक्षण. हलक्या पिनेला कठीण प्रायमर फोडणे कधी जड जाते. सिरीज ८० मुळे चाप बिघडतो ही तक्रार जुनी आहे. चांगल्या जुळणीनंतर फरक अगदी थोडा उरतो, हे अनुभवी कारागिरांचे म्हणणे जास्त पटते.

रेल : नळीखालच्या फ्रेमच्या भागावर दिव्यासाठी एमआयएल-एसटीडी-१९१३ मापाची रेल कापलेली असते. प्रमाणानुसार खाच ५.२३ मिमी रुंद आणि दोन खाचांच्या मध्यांतील अंतर सुमारे १० मिमी असते. पुढचे वजन वाढल्याने पिस्तुलाची उसळी थोडी कमी होते, पण जुन्या आकाराच्या होल्स्टरमध्ये ते बसत नाही.

पकडीसाठी मुठीच्या पुढच्या पट्टीवर इंचाला २० ते ३० रेषांची जाळी कोरतात. माशीत अंधारात चमकणारी ट्रिशियमची कुपी असते. स्लाइडला पुढेही खाचा असतात आणि मॅगझिनचे तोंड पसरट असते. पूर्ण लांबीच्या गाइड रॉडने (रिकॉइल स्प्रिंगच्या आतल्या दांड्याने) नेम सुधारतो असे सांगितले जाते, त्याला भक्कम आधार नाही.

बिघाड : पाच इंची नळीला ०.४५ साठी १६ पौंडांची रिकॉइल स्प्रिंग (स्लाइड पुन्हा पुढे आणणारी) प्रमाण मानतात. सुमारे २,००० ते ३,००० फैरींनंतर ती बदलावी. न बदलल्यास स्लाइड फ्रेमवर जोरात आदळते. तीन इंची नळीच्या पिस्तुलांत स्लाइडचा प्रवास कमी आणि स्प्रिंग जड असते, मॅगझिनला पुढचे काडतूस वर ढकलायला वेळ अपुरा पडतो, म्हणून ती जास्त अडतात. आतला एक्स्ट्रॅक्टर (पुंगळी नळीतून ओढणारी पट्टी) स्वतःच स्प्रिंगचे काम करतो. काडतूस थेट नळीत टाकून स्लाइड सोडली, तर एक्स्ट्रॅक्टरचा आकडा काडतुसाच्या काठावरून जबरदस्तीने चढतो आणि ताण बिघडतो किंवा आकडा तुटतो. काडतूस नेहमी मॅगझिनमधूनच चढवावे. फ्रेमची उतरण आणि नळीची उतरण यांत सुमारे ०.८ मिमीची फट हवी. ती नसेल तर काडतूस नळीच्या काठावर अडकते. सात काडतुसांच्या लांबीच्या मॅगझिनमध्ये आठ काडतुसे बसवलेली असतील, तर शेवटच्या काडतुसाला स्प्रिंगचा जोर कमी पडतो. अंगठा-सेफ्टी व स्लाइड-थांबा यांच्या खिळ्या धरणारी प्लंजर नळी फ्रेमला ठोकून बसवलेली असते. ती सैल झाली की सेफ्टी खाली येतच नाही, म्हणून काही उत्पादक ती फ्रेमसोबत एकसंध घडवतात.

दुहेरी रांगेच्या मॅगझिनची ‘२०११’ शाखा १९९० च्या दशकात व्हर्जिल ट्रिप आणि सँडी स्ट्रेयर यांच्या रचनेतून निघाली. तिच्यात धातूच्या वरच्या फ्रेमला पॉलिमरची मूठ जोडतात. ही पिस्तुले बहुधा ९ मिमीची असतात. अमेरिकी मार्शल सेवेच्या विशेष पथकाने २०१९ मध्ये याच शाखेतील स्टॅकॅटो पी निवडले.