गांजाचे घरगुती प्रजनन : रोपे आणि जनक-निवड

कॅनाबिस सटायवा या वनस्पतीची रोपे बियांपासून वाढवून, त्यांतील निवडक नर व मादी झाडांच्या संकरातून हव्या गुणांचे बी घरच्या घरी तयार करणे, याला गांजाचे घरगुती प्रजनन म्हणतात. खासगी लागवडीला कायद्याने मुभा असलेल्या देशांतच हे उघडपणे चालते. कॅनडाने १७ ऑक्टोबर २०१८ पासून प्रत्येक घराला चार झाडांची परवानगी दिली, क्वेबेक प्रांताने मात्र आपल्या हद्दीत बंदी ठेवली. जर्मनीत १ एप्रिल २०२४ पासून प्रत्येक प्रौढ व्यक्तीला तीन झाडे लावता येतात. भारतात १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याने परवान्याशिवायची लागवड गुन्हा ठरवली असून तिला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरीची शिक्षा आहे. महाराष्ट्रात घेतल्या जाणाऱ्या ताग व अंबाडी या पिकांच्या इंग्रजी नावांत ‘हेम्प’ हा शब्द येत असला, तरी त्यांचा या वनस्पतीशी काही संबंध नाही.

ताजे बी ओलसर, भुसभुशीत माध्यमात २० ते २५ अंश सेल्सिअस तापमानाला साधारणतः आठवड्याच्या आत उगवते. आधी दोन गुळगुळीत बीजपत्रे उघडतात, त्यानंतर येणाऱ्या खऱ्या पानांच्या पहिल्या जोडीत प्रत्येकी एकच दातेरी पर्णिका असते, आणि पुढच्या जोड्यांत तीन, पाच अशा पर्णिका वाढत जातात. पाणी जास्त झाल्यास बुरशीमुळे रोपे जमिनीलगत कोलमडतात, आणि उजेड कमी पडल्यास ती लांबट व लेची होतात. या अवस्थेत खुरटी किंवा विकृत रोपे काढून टाकणे योग्य असले, तरी नुसत्या उंचीवरून जनक ठरवणे घाईचे होय. चार दिवस आधी उगवलेले रोप उंच दिसते, पण तो वेळेचा फरक असतो, वाणाचा नव्हे.

ही वनस्पती मुख्यतः एकलिंगी असून नर व मादी फुले वेगवेगळ्या झाडांवर येतात, आणि मानवाप्रमाणेच एक्स व वाय या गुणसूत्रांवरून लिंग ठरते. रोप प्रौढ होऊ लागले की समोरासमोर येणारी पाने खोडावर आळीपाळीने येऊ लागतात. त्याच सुमारास पेरांशी पहिली फुले दिसतात : मादीला दोन पांढरे तंतू, नराला देठावरची बारीक गोल कळी. परागण वाऱ्याने होत असल्याने एक दुर्लक्षित नर सगळी बाग बियाळ करू शकतो. एकोणिसाव्या शतकात बंगालमधील गांजाच्या शेतांत नर झाडे ओळखून उपटण्यासाठी ‘पोद्दार’ म्हणवणारे जाणकार बोलावले जात, यावरून हे काम किती नजरेचे आहे ते कळते.

मादीची पारख तुलनेने सोपी असते. फुलोऱ्याचा घट्टपणा, राळ, गंध, पक्व होण्यास लागणारा काळ आणि बुरशीला होणारा प्रतिकार हे सारे तिच्यावरच पाहता येते. मात्र फुलोरा तपासून होईपर्यंत तिचे आयुष्य संपत आलेले असते, म्हणून प्रत्येक उमेदवार झाडाची छाट कलमे आधीच करून, त्यांवर क्रमांक घालून ठेवतात. नराची निवड मात्र अवघड असते, कारण ज्या फुलोऱ्यासाठी हा खटाटोप चालतो तो त्याला येतच नाही. खोड चोळून वास घेण्याची पद्धत प्रचलित असली तरी ती फार तर अंदाज देते. त्याच नराचे पराग दोन-तीन माद्यांवर वापरून त्यांच्या संततीची तुलना करणे, हाच विश्वासार्ह मार्ग आहे. त्यासाठी मादीच्या एकाच फांदीवर पराग लावून तिला कागदी पिशवी बांधतात; बाकीचे झाड बिनबियांचे राहते.

घरगुती प्रजननाची खरी अडचण कौशल्याची नसून संख्येची आहे. नशा आणणारे टीएचसी व नशा न आणणारे सीबीडी यांचे परस्परप्रमाण मुख्यतः एका जनुकस्थानावर अवलंबून असते. शुद्ध टीएचसी व शुद्ध सीबीडी वाणांच्या संकराची पहिली पिढी सर्वस्वी मिश्र प्रकारची निघते. दुसऱ्या पिढीत टीएचसी, मिश्र आणि सीबीडी हे प्रकार १:२:१ या प्रमाणात विभागतात. या पिढीत सीबीडी प्रकारची मादी हवी असल्यास आठांत एक रोप उपयोगाचे ठरते. चार झाडांच्या मर्यादेत असे एकतरी रोप मिळण्याची शक्यता सुमारे ४१ टक्के असते, आणि ती ९५ टक्क्यांवर न्यायची तर २३ रोपे लागतात. उंची, गंध किंवा पक्वतेची अट त्यात मिळवली की हा आकडा झपाट्याने वाढतो. त्यामुळे एकाच लहान कुळातल्या झाडांचा पुन्हा पुन्हा संकर केला जातो आणि अंतःप्रजननाने जोम घटतो.

नर टाळण्यासाठी मादीवर चांदीच्या संयुगाची फवारणी करून इथिलीन या वनस्पती-संप्रेरकाची क्रिया रोखतात. मग तिच्यावर नरफुले येतात व त्यांच्या परागांतून केवळ मादी संतती मिळते. फवारणीविना, निव्वळ ताणामुळे आपोआप नरफुले काढणारी मादी मात्र जनक म्हणून बाद ठरते, कारण ही प्रवृत्ती तिच्या बियांतही उतरण्याचा धोका असतो.