रणगाडा थांबला की काय होतं

उसाचा हंगाम चालू झाला की आमच्या पाणंदीत दरवर्षी एकदा तरी हे होतंच. डबल ट्रॉलीचा ट्रॅक्टर भरून फडातनं बाहेर येतो, पाणंदीच्या वळणावर मागच्या ट्रॉलीचं एक चाक काळ्या मातीत जातं आणि तिथंच बसतं. मागं आठ-दहा ट्रॅक्टर भरून उभे, एका बाजूला ओढा, दुसऱ्या बाजूला उभा ऊस, वळायला जागा नाही, मागं घ्यायचं तर सगळ्यात मागच्यानं आधी घ्यायला पाहिजे आणि त्याला पुढं काय झालंय हेच माहीत नसतं. दोन-दोन तास सगळे तिथंच. यंदा जानेवारीत असाच अडकलो होतो, तेव्हा मोबाईलवर युक्रेनमधला एक व्हिडिओ बघत होतो, रस्त्यावर ओळीनं जळालेले रणगाडे. बघता बघता लक्षात आलं की ही तर आमचीच पाणंद आहे, फक्त वरनं कोणीतरी मारणारं आहे.

टीव्हीवर युद्धाची बातमी आली की एखाद्या शस्त्राचं नाव येतं, आज जॅव्हलिन (खांद्यावरनं सोडायचं रणगाडाविरोधी क्षेपणास्त्र), उद्या ड्रोन, परवा अजून काही. जणू त्या एका वस्तूनं रणगाडा मेला. पण दोन-तीन वर्षं जमेल तेवढं वाचल्यावर माझं मत असं झालंय की बरेचसे रणगाडे गोळा लागायच्या आधीच गेलेले असतात. ते थांबलेले असतात. कुणी चिखलानं थांबतो, कुणी डिझेल संपल्यानं, कुणी चाकांवरचा लोखंडी पट्टा तुटल्यानं, कुणी पुढचा थांबला म्हणून. मारणारा नंतर येतो.

चिखलाचं विज्ञान आधी बघू, कारण ते आपल्याला सगळ्यात जवळचं. जमीन वजनाला घाबरत नाही, दाबाला घाबरते. टायर जमिनीवर जेवढा दाब टाकतो तो ढोबळमानानं टायरमधल्या हवेच्या दाबाएवढाच असतो, म्हणजे साध्या कारचा दर चौरस सेंटीमीटरला 2 किलोच्या आसपास, भरलेल्या ट्रकचा 7 वगैरे. आणि सोव्हिएत बनावटीचा टी-72 रणगाडा, 41 ते 46 टनांचं धूड, त्याचा दाब किती? साधारण 0.9 किलो! पट्टा एवढा लांब आणि रुंद असतो की सगळं वजन पसरून जातं. म्हणजे जिथं तुमची कार रुतेल तिथनं रणगाडा जाऊ शकतो, चिखल फारच खोल नसला तर.

मग अडचण काय? अडचण अशी की रणगाडा एकटा जात नाही. टी-72 च्या आतल्या टाक्यांत साधारण 1200 लिटर डिझेल मावतं आणि रस्त्यावरसुद्धा किलोमीटरला अडीच लिटरच्या आसपास पितो, रानात त्याहून जास्त. दहा रणगाडे 100 किलोमीटर न्यायचे तर अडीच हजार लिटर, आणि हे डिझेल पट्ट्यावर येत नाही, टँकरनं येतं, टायरवर. गोळे ट्रकनं, जेवण ट्रकनं. रणगाडा शेतात उतरेल पण त्याचा टँकर उतरत नाही, म्हणून शेवटी सगळेच डांबरी रस्त्याला बांधले जातात. युक्रेनची माती पण काळीच, चेर्नोझेम म्हणतात तिला, पिकाला सोनं आणि बर्फ वितळला की नुसता राडा. त्या चिखलाच्या दिवसांना रशियन भाषेत रासपुतित्सा असा वेगळा शब्दच आहे. 24 फेब्रुवारी 2022 ला रशियानं हल्ला केला आणि चार-पाच दिवसांत कीव्हच्या उत्तरेला जवळजवळ 64 किलोमीटर लांबीचा ताफा उपग्रहाच्या फोटोत दिसला. जगाला वाटलं आता कीव्ह गेलं. तो ताफा कितीतरी दिवस तिथंच होता, आमच्या पाणंदीसारखा, आणि एप्रिल लागेपर्यंत रशियन फौज त्या भागातनं मागं गेली होती.

त्या काळातलं अजून एक म्हणजे टायर. लष्करी ट्रकमध्ये ड्रायव्हरला बसल्या जागी हवा कमी-जास्त करता येते, चिखलात हवा कमी केली की टायर चपटा होऊन दाब पसरतो, मस्त सोय आहे. पण ट्रक वर्षानुवर्षं उन्हात एकाच जागी उभा असला तर टायरच्या बाजूचं रबर तडकतं आणि हवा कमी करून चालवला की तिथंच फाटतो. टायर फाटून चिखलात सोडून दिलेल्या महागड्या गाड्यांचे फोटो तेव्हा भरपूर आले. आणि युक्रेनचे शेतकरी ट्रॅक्टरनं लष्करी गाड्या ओढून नेतानाचे व्हिडिओ तर तुम्ही पण बघितले असतील. ट्रॅक्टरवाल्याला ते बघून काय वाटतं ते मी सांगायला नको.

आपल्याकडे हे आधीच घडून गेलंय आणि तेही उसात, हे आमच्याकडच्या किती जणांना माहीत आहे कुणास ठाऊक. सप्टेंबर 1965, पंजाबात खेमकरणजवळचं असल उत्तर नावाचं गाव. पाकिस्तानच्या आर्मर्ड डिव्हिजनकडे अमेरिकी पॅटन रणगाडे होते, त्या वेळचे एकदम आधुनिक, आपल्याकडे जुने शर्मन आणि सेंच्युरियन. आपल्या फौजेनं मागं सरकून घोड्याच्या नालेसारखी मांडणी केली आणि रात्रीत पाणी सोडून शेतं भिजवली, उसाची शेतं. आपले रणगाडे आणि जीपवरच्या तोफा त्या उभ्या उसात लपल्या. पुरुषभर उंचीच्या वर गेलेल्या उसात पाच फुटांवरचं दिसत नाही हे आपल्याला वेगळं सांगायला नको. पॅटन आले, भिजल्या मातीत मंद झाले, रुतले, आणि कुशीतनं मार बसला. कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार अब्दुल हमीद जीपवरच्या 106 मिमी तोफेनं एकामागून एक रणगाडे उडवत 10 सप्टेंबरला शहीद झाले, मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. भारतीय मोजणीप्रमाणे तिथं पाकिस्तानचे 97 रणगाडे गेले. जीपवरची तोफ पॅटनपेक्षा भारी नव्हती. पॅटन थांबला होता आणि जीप दिसत नव्हती, एवढंच.

आता सुरुंग. जून 2023 मध्ये युक्रेननं दक्षिणेला झापोरिझ्झियाकडे उलटा हल्ला केला, जर्मन लेपर्ड रणगाडे आणि सैनिक नेणाऱ्या अमेरिकी ब्रॅडली चिलखती गाड्या घेऊन. समोर रशियानं मैलोन्‌मैल सुरुंग पेरलेले. टीएम-62 नावाचा रणगाड्याचा सुरुंग असतो, मोठ्या जेवणाच्या डब्याएवढा, आत साडेसात किलोच्या आसपास स्फोटक. तो बहुतेक वेळा रणगाड्याला मारत नाही, पट्टा तोडतो. बास, तेवढंच पुरतं. कारण सुरुंग काढायला पुढं नांगर लावलेली गाडी चालते, तिच्या मागं एकच पट्टी साफ होते, त्या पट्टीतनं सगळे एकामागून एक. पुढचा पट्टा तुटून थांबला की मागच्याला बाजूनं जायचं तर सुरुंग, थांबायचं तर तोफा. माला तोकमाच्काजवळ 8 जूनला नेमकं हेच झालं, एकमेकांना चिकटून अडकलेल्या लेपर्ड आणि ब्रॅडलीचे फोटो जगभर फिरले. ब्रॅडलीमधली बरीच माणसं मात्र जिवंत बाहेर पडली आणि माझ्या दृष्टीनं त्या फोटोतली ही सगळ्यात मोठी गोष्ट आहे. पन्हाळा-विशाळगडच्या वाटेवर 1660 मध्ये बाजीप्रभूंनी घोडखिंडीतच का पाय रोवले ते कोल्हापूरच्या पोराला शाळेतच कळतं. वाट एकाच माणसाची असली की मागच्या हजारांचा उपयोग नसतो.

आणि मागं फिरायचं म्हटलं तर? टी-72 चा रिव्हर्स गिअर ताशी 4 किलोमीटर. चालत जाणारा माणूस त्याला मागं टाकतो. लेपर्ड-2 ताशी 30 च्या आसपास मागं जातो, म्हणजे जाड कपाळ शत्रूकडे ठेवून निघून जाता येतं. टी-72 ला घाईनं निघायचं तर वळून पातळ पाठ दाखवायला लागते. एका गिअरबॉक्सनं युद्धाची पद्धत ठरते.

थांबलेल्या रणगाड्यावर मग काय येतं ते सांगतो, आणि आमच्या कोल्हापूरच्या उद्यमनगर-शिरोलीच्या कारखान्यांतल्या लोकांना यात नक्की रस वाटेल. बऱ्याच रणगाडाविरोधी शस्त्रांच्या टोकात एक तांब्याचा शंकू असतो, पातळ पत्र्याचा, उलट्या नरसाळ्यासारखा, आणि त्याच्या मागं स्फोटक. स्फोट झाला की तो शंकू चारी बाजूंनी आत चेपला जातो आणि मधून तांब्याची बारीक लांब धार सुटते, टोकाचा वेग सेकंदाला 8-10 किलोमीटर, बंदुकीच्या गोळीच्या दहापट. लोकांना वाटतं तांबं वितळून पोलादाला वितळवत जातं. तसं नाही. तांबं बहुतांशी घनच असतं, पण दाब एवढा प्रचंड की पोलादाची ताकद त्यापुढं काहीच नाही आणि ते पाण्यासारखं बाजूला सरकतं. पाईपच्या पाण्याची धार चिखलात घुसते तसं. आता गंमत अशी की किती आत जाणार हे वेगापेक्षा जास्त धारेच्या लांबीवर आणि दोन्ही धातूंच्या घनतेवर ठरतं. लोखंडापेक्षा तांबं जड आणि ओढलं की न तुटता लांब होतं म्हणून तांबं. आरपीजीसारख्या खांद्यावरच्या हत्याराचा चांगला गोळा अर्धा मीटर पोलाद भेदतो, आणि रणगाड्याचं छत त्याच्या कपाळाच्या मानानं अगदीच पातळ. म्हणून जॅव्हलिन आधी वर चढतं आणि मग डोक्यावर येतं.

भोक बोटाएवढंच पडतं. मारतं ते भोकातनं आत गेलेलं. टी-72 मध्ये माणसं तीन, तोफेत गोळा भरणाऱ्या चौथ्या माणसाऐवजी यंत्र, आणि त्या यंत्राची गोल चकती तोफेच्या फिरत्या बुरुजाच्या खाली, माणसांच्या पायाखाली, त्यात 22 गोळे आणि त्यांची दारू. बाकीचे गोळे आत जागा मिळेल तिथं. याचा फायदा होता, रणगाडा ठेंगणा होतो, हलका होतो, लांबून दिसायला आणि मारायला अवघड. 1970 च्या दशकात तो हिशोब बरोबर होता. पण दारूला ठिणगी लागली की काही सेकंदांत एवढा दाब होतो की दहा टनांच्या वरचा बुरुज उडून बाजूला पडतो. अमेरिकी एब्रॅम्समध्ये गोळे मागच्या वेगळ्या कप्प्यात, मध्ये जाड दार, आणि वरची झाकणं मुद्दाम कमजोर, म्हणजे आग आत न येता आकाशात जाते. रणगाडा जातो, माणसं वाचायची शक्यता राहते. आपल्या सैन्यात टी-72 अजेय नावानं मोठ्या संख्येनं आहे, त्यामुळे हा काही लांबचा विषय नाही.

ड्रोननं नवीन काय केलं? तांब्याचा शंकू तोच, आरपीजीचाच गोळा कित्येकदा, फक्त तो आता काही किलोमीटर उडत येतो, ड्रोनच्या कॅमेऱ्यातलं दाखवणारा चष्मा लावून बसलेला पोरगा तो उघड्या झाकणातनं आत घालू शकतो आणि खर्च काही शे डॉलर. पण माझ्या मते खरा बदल मारण्यात नाही, दिसण्यात आहे. पूर्वी पट्टा तुटला तर उतरून पिन काढून नवीन कडी घालायला तासभर मिळायचा. आता आघाडीपासून दहा-पंधरा किलोमीटरपर्यंत वर सतत कोणतरी बघतंय, थांबलं की थोड्या मिनिटांत येतात. सिग्नल जॅम केला तर ड्रोन मागं काचेच्या तंतूचं रीळ सोडत येतो, तार आहे म्हटल्यावर जॅम काय करणार. म्हणून मग रणगाड्यांवर जाळ्या आल्या, मग अख्खे पत्र्याचे शेड आले, कासवच दिसतं ते, तोफ धड फिरत नाही पण चालत राहतं. आणि रशियन सैनिक चक्क मोटरसायकलवरनं हल्ला करायला लागले, अंगावर पत्रा नाही पण थांबत नाहीत.

किती गेले हा प्रश्न राहिलाच. दोन्ही बाजू आपापले आकडे सांगतात, ते सोडा. ऑरिक्स नावाच्या गटानं साधा नियम धरला: फोटो नाही तर मोजणी नाही, आणि एकच गाडी दोन कोनांतनं आली तर एकदाच. नष्ट, नादुरुस्त, सोडून दिलेली, पकडलेली असे वेगळे रकाने. रशियाचे 3000 पेक्षा जास्त रणगाडे असे फोटोनिशी मोजले गेलेत, आणि खरा आकडा याच्या वरच असणार, खाली नाही, कारण प्रत्येकाचा फोटो निघत नाही. सुरुवातीच्या महिन्यांत त्यात सोडून दिलेले आणि पकडलेले यांचा वाटा मोठा होता, म्हणजे कुणी मारलेच नव्हते.

मोजायची अजून एक सुंदर युक्ती दुसऱ्या महायुद्धातली आहे. फाउंड्रीत कास्टिंगवर जसा हीट नंबर असतो तसे जर्मन रणगाड्यांच्या गिअरबॉक्सवर अनुक्रमांक होते. पकडलेल्या रणगाड्यांचे नंबर घेऊन गणित करायचं: सगळ्यात मोठा नंबर घ्या, त्याला नमुन्यांच्या संख्येनं भागा, ते त्याच नंबरात मिळवा, एक वजा करा. म्हणजे पाच नग सापडले आणि मोठा नंबर 60 असला तर 60 अधिक 12 वजा 1, एकूण 71 असावेत. ऑगस्ट 1942 साठी हेरांचा अंदाज होता महिन्याला 1550 रणगाडे, गणितवाल्यांचा 327. युद्धानंतर जर्मन कागद सापडले तेव्हा निघाले 342.

आमच्या गल्लीत ईएमईमधनं, म्हणजे सैन्याच्या दुरुस्ती विभागातनं, निवृत्त झालेले एक काका आहेत, सैनिक टाकळीकडचे, आयुष्य रणगाड्यांच्या दुरुस्तीत गेलं. त्यांना मी असे फोटो दाखवतो आणि विचारतो, काका, हा कशानं गेला असंल. ते चष्मा वर करून फोटो मोठा करतात पण भोक शोधत नाहीत, पट्टा पण आधी बघत नाहीत. आधी झाकणं बघतात. एक ड्रायव्हरचं, दोन वरची. "तीन्ही उघडी हाईत," म्हणाले एकदा, "म्हंजे पोरं बाहेर पडल्यात. आता सांगतो कशानं गेला त्ये."