बॅलिकिलक्लाइन

आयर्लंडच्या रॉसकॉमन काउंटीतील एक टाउनलँड. स्ट्रोक्सटाउन या बाजारगावाच्या ईशान्येला, किलग्लास पॅरिशमध्ये (चर्चच्या हद्दीवरून ठरलेल्या विभागात). क्षेत्र सुमारे ६०० एकर. १८४५ मध्ये बटाट्याचे पीक बुडून पडलेल्या मोठ्या दुष्काळापूर्वी येथे सुमारे पाचशे माणसे राहत होती. १८४८ च्या वसंतापर्यंत जवळजवळ सगळी वस्ती उठवली गेली.

टाउनलँड हे आयर्लंडमधील जमिनीचे सर्वांत लहान अधिकृत एकक. संपूर्ण आयर्लंड बेटावर अशी ६० हजारांहून अधिक एकके आहेत. आपल्याकडील महसुली मौजाच्या जवळ जाणारी ही व्यवस्था असली, तरी त्यात गावठाण असतेच असे नाही. काही टाउनलँडमध्ये चार-दोन घरे, काहींत नुसते कुरण किंवा दलदल. सीमा बहुधा ओढे, बांध आणि कुंपणांच्या असून पुष्कळशा मध्ययुगापासून चालत आलेल्या. १८२४ मध्ये सुरू झालेल्या ऑर्डनन्स सर्व्हेने, म्हणजे सरकारी भूमापनाने, त्या नकाशावर पक्क्या केल्या, त्या मुख्यतः स्थानिक कराची आकारणी न्याय्य व्हावी म्हणून.

बॅलिकिलक्लाइनची जमीन ब्रिटिश राजसत्तेच्या मालकीची होती. स्ट्रोक्सटाउनचे माहोन घराणे ती मक्त्याने घेऊन पुढे कुळांना लावत असे. बहुतेक कुळांकडे थोडी एकर जमीन. ओट आणि जनावरे विकून खंड भरायचा आणि स्वतः बटाट्यावर जगायचे. थोड्या, ओलसर जमिनीत एवढी माणसे पोसणारे दुसरे पीक तेव्हा नव्हते. घराण्यातली जमीन मुलांमध्ये वाटली जाई, त्यामुळे तुकडे लहान होत गेले आणि वस्ती दाटत गेली.

१८३४ मध्ये माहोनांचा मक्ता संपला आणि कारभार थेट सरकारी अधिकाऱ्यांकडे आला. त्यानंतर कुळांनी खंड देणे थांबवले आणि हा बहिष्कार १८४७ पर्यंत, म्हणजे दशकभराहून अधिक काळ, टिकवला. याला निव्वळ दांडगाई म्हणणे चूक ठरेल. त्यांनी वकील दिला, कोर्टात बाजू मांडली आणि सरकारकडे अर्जामागून अर्ज केले. जप्तीच्या आणि घर खाली करण्याच्या नोटिसा बजावायला येणाऱ्यांना मात्र ते परतवून लावत. या झगड्याचे कागद सरकारी दप्तरात साठत गेले. म्हणूनच अन्यत्र केवळ आकडा होऊन राहिलेली माणसे येथे नावानिशी आणि गाऱ्हाण्यांनिशी भेटतात.

१८४५ मध्ये बटाट्यावर करपा पडला आणि पुढच्या वर्षी पीक जवळजवळ पूर्ण गेले. उपासमारीने खचलेल्या कुळांवर सरकारने आता निर्णायक पाऊल उचलले. पोलीस आणि लष्कराच्या बंदोबस्तात घरे रिकामी करण्यात आली. परत कोणी शिरू नये म्हणून ती पाडलीही गेली. कुळांना सरकारी खर्चाने अमेरिकेला पाठवायचे ठरले: डब्लिनला, तेथून बोटीने लिव्हरपूलला आणि मग शिडाच्या जहाजाने न्यूयॉर्कला. ‘रॉशियस’ या जहाजाने सप्टेंबर १८४७ मध्ये पहिली तुकडी निघाली; पुढच्या वसंतापर्यंत साडेतीनशेहून अधिक माणसे गेली. भाडे सरकारने भरले ही दयाच होती असे म्हणता येत नाही. जमीन मोकळी करण्याचा तो सर्वांत स्वस्त मार्ग होता. यांतील अनेक कुटुंबे पुढे अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यातील रटलंडच्या परिसरात स्थिरावली.

शेजारीच, २ नोव्हेंबर १८४७ रोजी, माहोन इस्टेटीचे मालक मेजर डेनिस माहोन यांचा गोळ्या घालून खून झाला. त्यांनीही हजारभराहून अधिक कुळांना कॅनडाला धाडले होते. स्ट्रोक्सटाउनच्या त्यांच्या वाड्याच्या आवारात आता राष्ट्रीय दुष्काळ संग्रहालय आहे.

लोकसंख्येचे चित्र काउंटीच्या पातळीवर स्पष्ट दिसते. रॉसकॉमनमध्ये १८४१ साली २,५३,५९१ लोक होते. १८५१ मध्ये १,७३,४३६ उरले. पुढची गळती पिढ्यान्‌पिढ्या चालू राहिली आणि २०२२ च्या जनगणनेत हा आकडा सुमारे ७० हजारांवर होता. टाउनलँडनिहाय एकूण आकडे १८५१ च्या छापील अहवालांमुळे वाचले. घरोघरची मूळ पत्रके मात्र १९२२ मध्ये, यादवी युद्धात डब्लिनचे अभिलेखागार जळाले तेव्हा, जवळजवळ सगळी नष्ट झाली. या कारणाने बॅलिकिलक्लाइनचे खंडविषयक दप्तर अधिकच मोलाचे ठरते.

१९९८ पासून अमेरिकी पुरातत्त्वज्ञ चार्ल्स ऑर्सर यांनी येथे काही हंगाम उत्खनन केले. पाडलेल्या घरांच्या पायाभोवती चित्रे छापलेल्या इंग्रजी चिनी मातीच्या भांड्यांचे पुष्कळ तुकडे निघाले. ही भांडी विकत घेतलेली होती. अर्थात ही कुळे बाजाराशी जोडलेली होती आणि हाती पैसा आला की घरासाठी चांगली वस्तू आणत होती. सरकारी पत्रव्यवहारात रंगवलेल्या ओसाड, रानटी वस्तीच्या चित्राशी हे तुकडे जुळत नाहीत.