लठ्ठ मुलांचा आहार, रोजची सवय आणि मेटाबोलिक हेल्थ

वय आणि उंचीच्या मानाने मुलाच्या अंगात चरबी जास्त साठली की त्याला लठ्ठपणा म्हणतात, आणि त्या चरबीचा साखर, कोलेस्टेरॉल, बीपी, लिव्हर यांच्यावर काय परिणाम होतोय ते म्हणजे मेटाबोलिक हेल्थ. दोन्ही जोडीने चालतात पण एकच नाहीत, आणि घरात बहुतेक वेळा फक्त वजनकाटाच बघितला जातो.

५ ते १९ वयात डब्ल्यूएचओच्या चार्टवर बीएमआय (वजन किलोत, भागिले उंचीचा मीटरमधला वर्ग) +२ एसडीच्या, म्हणजे त्या वयाच्या सरासरीपेक्षा खूप वरच्या रेषेच्या, वर गेला की लठ्ठपणा धरतात. आपल्याकडे बालरोगतज्ज्ञ आयएपीचे (भारतातल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना) २०१५ चे चार्ट वापरतात, त्यात मोठ्यांच्या २३ (जास्त वजन) आणि २७ (लठ्ठपणा) बीएमआयशी जुळणाऱ्या रेषा आहेत, म्हणजे मर्यादा जरा कडकच, कारण आपल्या लोकांत कमी वजनातही चरबी जास्त असते. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी तर हे नवजात बाळांमध्येच दाखवलं, वजन कमी पण चरबी त्या मानाने जास्त. त्यामुळे हातपाय बारीक आणि पोट सुटलेलं असं मूल असेल तर टेप घेऊन बघावं, कमरेचा घेर उंचीच्या निम्म्याहून जास्त भरला तर डॉक्टरांना दाखवावं.

आत होतं काय, तर पोटातली आणि लिव्हरमधली चरबी वाढली की शरीर इन्सुलिनला, म्हणजे रक्तातली साखर पेशींत नेणाऱ्या हार्मोनला, नीट दाद देत नाही, मग स्वादुपिंड आणखी इन्सुलिन सोडतं, रक्तात ट्रायग्लिसराईड (एक प्रकारची चरबी) वाढतात, चांगलं कोलेस्टेरॉल म्हणजे एचडीएल कमी होतं. मानेवर आणि काखेत काळा, जाडसर, मखमली पट्टा दिसतो तो बऱ्याचदा याचाच असतो. तो मळ नाही, कृपा करून पोराची मान घासत बसू नका.

सॅन फ्रान्सिस्कोत २०१५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला, ४३ लठ्ठ मुलांना ९ दिवस तेवढ्याच कॅलरीज दिल्या, फक्त पदार्थांत वरून घातलेली साखर काढून तिथे स्टार्चचे पदार्थ दिले, आणि वजन जवळजवळ तेवढंच ठेवूनही ट्रायग्लिसराईड, बीपी, इन्सुलिन सुधारलं. तुलनेला वेगळा गट नव्हता हे खरं, तरी काटा हलला नाही म्हणून काहीच झालं नाही असं समजू नये एवढं त्यातून नक्की घ्यावं.

ठाण्यात घोडबंदर रोडच्या टॉवरमधलं मूल बघा, सकाळी स्कूलबस, दुपारी क्लास, संध्याकाळी मोबाईल, खाली पोडियमवर सायकल चालवायची तर गाड्यांची ये-जा, आणि मधल्या वेळेला खारी, बिस्किटं, पॅकेटमधला ज्यूस, दुधात चॉकलेटी पावडर. साखर अशी थोडी थोडी दिवसभर जाते. ज्यूस आणि कोल्ड्रिंक आधी बंद करावं, ३०० मिलीच्या साध्या कोल्ड्रिंकमध्ये सुमारे ३० ग्रॅम साखर असते. डब्यात मटकीची उसळ, थालीपीठ, अंडं, घरात केलं असेल ते. मासे खाणाऱ्या घरात तर अडचणच नाही, फक्त भाताचा डोंगर कमी आणि कालवणातले मासे जास्त. मुलाला वेगळं डाएट आणि बाकीचे समोर फरसाण खातायत, हे चालत नाही, घरानेच बदलायला हवं.

हालचाल रोज ६० मिनिटं, दमछाक होईल अशी. उपवन तलावाला किंवा तलावपाळीला नुसतं चक्कर मारून भेळ खाऊन परत येणं यात धरू नये, पकडापकडी, कबड्डी, पोहणं धरावं. स्नायू काम करतात तेव्हा इन्सुलिनची फारशी वाट न बघता साखर ओढून घेतात, म्हणून वजन उतरायच्या आधीच फायदा सुरू होतो. झोपही तेवढीच महत्त्वाची, ६ ते १२ वयाला ९ ते १२ तास.

वाढत्या वयात बऱ्याच मुलांचं वजन उतरवावंच लागत नाही, ते तेवढंच राहून उंची वाढली तरी बीएमआय खाली येतो, अर्थात लठ्ठपणा खूप असेल किंवा उंची वाढायची थांबली असेल तर नाही. उपास, भात-पोळी पूर्ण बंद, टीव्हीवरच्या पावडरी, हे मुलांवर करूच नये. साधारण १० वर्षांपुढे उपाशीपोटी साखर, एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर), लिपिड (रक्तातली चरबी) आणि लिव्हरची एएलटी ही रक्तचाचणी करून घेतात, घरात डायबेटिस असेल तर टाळाटाळ नको. रात्री जोरात घोरणं, मुलीची पाळी अनियमित होणं, हेही डॉक्टरांना सांगावं, आणि फार तहान लागून सारखी लघवी होत असेल तर त्याच दिवशी दाखवावं.