गप बसणारा प्रत्येक जण इन्ट्रोव्हर्ट नसतो, काही जण बुजरे असतात

ऑफिसात कुणी गप बसलेला दिसला की लगेच 'इन्ट्रोव्हर्ट आहे तो' म्हणून मोकळं व्हायचं, हे आता लातूर काय अन् नांदेड काय, सगळीकडं सुरू झालंय. पहिले घुम्या म्हणायचे. पण या एका नावाखाली दोन पार वेगळी माणसं कोंबायलेत लोक, अन् त्यात बुजऱ्या माणसाचं विनाकारण नुकसान होतं, म्हणून हे लिहायलोय.

इन्ट्रोव्हर्ट म्हणजे काय ते बहुतेकांना माहीत आहे. मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंगनं १९२१ च्या पुस्तकातून ही कल्पना रूढ केली, मन बाहेरच्या माणसांत जास्त रमतं की स्वतःच्या विचारात, एवढाच मुद्दा. गर्दीत थकतो, एकटा बसला की बरं वाटतं, झालं. कमी बोलणं, मीटिंगमध्ये मागची खुर्ची धरणं, बारीक आवाज, ह्या गोष्टी इन्ट्रोव्हर्ट अन् बुजरा, दोघांतही दिसतात, त्यावरून काहीच ठरत नाही.

ठरतं ते एकाच गोष्टीवरून. त्याला आपल्यात यायचंय का, अन् यायचं असूनही पाय अडतोय का?

हुरड्याचंच घ्या. डिसेंबर-जानेवारीत ज्वारी हुरड्यात आली की कुणाच्या तरी शेतावर जायचं ठरतं, ग्रुपवर नावांची यादी फिरते. इन्ट्रोव्हर्ट सरळ लिहितो, 'मला नाही जमणार, मजा करा', अन् रविवारी घरी निवांत झोपतो, त्याला कणभर वाईट वाटत नाही. किंवा येतो, आगटीजवळ बसून शेंगदाण्याच्या चटणीसोबत पोटभर हुरडा खातो, एखाद्याशी मनापासून बोलतो अन् लवकर निघतो. बुजऱ्याचं तसं नसतं. त्याच्या नावापुढं 'टायपिंग' दिसतं, जातं, परत दिसतं, परत जातं. मी गेलो तर कुणापाशी बसू, काही बोललो अन् कुणी हसलं तर, यात यादी बंद होते. मग रविवारभर तो सगळ्यांच्या स्टेटसवरचे फोटो बघत बसतो. त्याला यायचं होतं हो, लई यायचं होतं.

हे नुसतं माझं मत नाही. जोनाथन चीक अन् अर्नोल्ड बस या मानसशास्त्रज्ञांनी १९८१ मध्येच दाखवलं की बुजरेपणा अन् लोकांत मिसळायची आवड ही दोन वेगळी मापं आहेत, एकावरून दुसरं ठरत नाही. अनोळखी माणसासोबत बोलायला बसवल्यावर सगळ्यात जास्त अवघडले ते बुजरे असूनही माणसांची ओढ असलेले. नजर चुकवायची, बोलणं तुटक. ज्याला माणसं हवीयत त्यालाच माणसांची धास्ती, त्याच्या आत काय चालत असेल विचार करा.

उलट बाजूही बघा. कृषी खात्यातले एक पर्यवेक्षक मला माहितीयत, भर ग्रामसभेत गुलाबी बोंडअळीवर बोलायला उभे राहिले की शेतकरी हलत नाहीत, कामगंध सापळे हेक्टरी पाच कामून लावायचे हे न अडखळता सांगतात. अन् परतीच्या जीपमध्ये खिडकीबाहेर बघत गप. भीती नावाला नाही, त्यांचं त्या दिवसाचं बोलणं संपलेलं असतं. त्यांना 'मोकळे व्हा सर' म्हणून कोपरानं ढोसणारे सहकारी मला अजिबात आवडत नाहीत.

गंमत म्हणजे आपण नेमकं उलटं वागतो. इन्ट्रोव्हर्टच्या मागं लागतो अन् बुजऱ्याला 'राहू द्या, त्याला एकटंच आवडतं' म्हणून सोडून देतो. करायचं ते असं: इन्ट्रोव्हर्टला एकदा विचारा, नाही म्हणला तर विषय संपला, मीटिंगचे मुद्दे आदल्या दिवशी द्या अन् मत नंतर एकट्याला विचारा. बुजऱ्याला मात्र परत परत विचारा, पण बाजूला घेऊन, नाव घेऊन. 'रविवारी तू माझ्या गाडीवर चल' एवढं म्हणलं तरी त्याचा अर्धा प्रश्न सुटतो, कुणापाशी बसू हा. वर्गणी गोळा करायचं काम त्याला द्या, बोलायला कारण मिळतं. पण १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिदिनाच्या झेंडावंदनाला सगळ्यांदेखत 'चला, आता आपले हे दोन शब्द बोलतील' म्हणून अचानक माईक हातात देणं, हा निव्वळ छळ आहे. असं करून कुणाची भीड मोडत नाही, तो पुढच्या वर्षी त्या दिवशी रजा टाकतो.

भीड सवयीनं कमी होते, स्वभाव फारसा बदलत नाही अन् बदलायची गरजही नाही. म्हणून बुजऱ्यानंही 'मी इन्ट्रोव्हर्टच आहे' या नावामागं लपू नये, त्यानं सुटायचं ते अडकून राहतं. अन् ही भीती सहा महिन्यांच्या वर टिकली, साहेबाच्या केबिनमध्ये जायचं म्हणून प्रमोशनसुद्धा नको वाटायला लागलं, तर ते सोशल अँग्झायटी असू शकतं, त्यावर उपचार आहेत. तिथं व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरात पैसे घालू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं, अन् समोर कुणी बसलेलं नसतं.