ड्रमर नसलेले 'उंच बुटके'

न्यूझीलंडच्या 'टॉल ड्वार्फ्स' या दोघांच्या बँडचा विषय निघाला की घरातल्या टेप रेकॉर्डरचं कौतुक आधी होतं. पण या घरगुती संगीताचं मूळ आहे सिडनीतल्या एका अल्बमच्या फसण्यात.

क्रिस नॉक्स आणि ॲलेक बाथगेट हे डनेडिनच्या 'द एनिमी' या १९७७ च्या पंक बँडमधले. त्यातूनच 'टॉय लव्ह' उभा राहिला. मायदेशात नाव झाल्यावर १९८० मध्ये मंडळी ऑस्ट्रेलियाला गेली, पबमागून पब वाजवत फिरली आणि तिथेच अल्बम केला. मंचावर अंगावर धावून येणारा हा बँड तबकडीवर मात्र अगदीच पुळचट ऐकू येत होता. ही तक्रार श्रोत्यांच्या आधी खुद्द बँडचीच होती. वर्ष सरायच्या आत 'टॉय लव्ह' मोडला.

पुढे नॉक्सने टिॲक कंपनीचा चार ट्रॅकचा, म्हणजे एकाच टेपवर चार वेगळे आवाज भरता येणारा, स्पूलवाला टेप रेकॉर्डर घेतला आणि १९८१ मध्ये दोघांनी 'टॉल ड्वार्फ्स', म्हणजे 'उंच बुटके', या नावाने कारभार सुरू केला. ड्रमर नव्हता, त्यांनी शोधलाही नाही. ठेक्यासाठी टाळ्या, हाताला लागेल ती वस्तू आणि टेपचे लूप. टेपचा तुकडा कापून त्याची टोकं एकमेकांना चिकटवली, की तोच ठेका गरगरत राहतो. तीन ट्रॅक भरले की त्यांचं मिश्रण चौथ्यावर उतरवायचं आणि मोकळ्या झालेल्या जागेत पुढचं वाजवायचं. अशा दर उतरवणीत खरखर वाढते. ती पुसायच्या भानगडीत हे दोघे पडले नाहीत, आणि माझ्या मते त्यांच्या गाण्यांना अंगचा वास आहे तो त्या खरखरीमुळेच.

हे यंत्र नॉक्सने स्वतःपुरतं ठेवलं नाही. १९८१ मध्येच रॉजर शेफर्डने क्राइस्टचर्चमध्ये 'फ्लाइंग नन' हे लेबल, म्हणजे रेकॉर्ड कंपनी, काढलं होतं. त्यासाठी 'द क्लीन' या बँडची 'बूडल बूडल बूडल' ही ईपी, म्हणजे मोजक्या गाण्यांची तबकडी, नॉक्स आणि डग हूड यांनी याच टिॲकवर रेकॉर्ड केली. ती देशाच्या लोकप्रिय तबकड्यांच्या यादीत पाचव्या क्रमांकावर पोचली. पुढच्या वर्षीची चार बँडांची 'डनेडिन डबल' ही तबकडीही त्यावरचीच. डनेडिनमधल्या बँडांचं जे संगीत 'डनेडिन साउंड' म्हणून नावाजलं गेलं, त्यात शहराइतकाच या यंत्राचाही वाटा धरायला हवा.

दोघे राहायचे वेगवेगळ्या शहरांत, नॉक्स ऑकलंडला आणि बाथगेट क्राइस्टचर्चला. त्यामुळे रेकॉर्डिंग गाठ पडेल तेव्हा. १९९६ च्या 'स्टम्पी'साठी तर त्यांनी जगभरातल्या चाहत्यांकडून ठेक्यांच्या टेपा मागवल्या, त्यांवर गाणी रचली आणि त्या अल्बमपुरतं नाव घेतलं 'इंटरनॅशनल टॉल ड्वार्फ्स'.

२००२ नंतर नवा अल्बम आला नाही. २००९ मध्ये नॉक्सला पक्षाघाताचा झटका आला. १९८१ ते २००२ या काळातल्या गाण्यांचा संग्रह 'अनरॅव्हल्ड' अमेरिकेच्या 'मर्ज' लेबलने २०२२ मध्ये काढला.